वाचकांचे प्रश्न : सरन्यायाधीशांना घेऊन निघालेली गाडी

गेल्या अंकात मी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. मन्सूर अली शाह आणि न्या. अतहर मिनल्लाह यांच्या राजीनाम्यांविषयी लिहिलं होतं. नोव्हेंबर २०२५ मधल्या सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीने घटनेसंबंधीचे खटले सर्वोच्च न्यायालयाकडून काढून एका नव्या न्यायालयाकडे दिले, म्हणून दोघांनी खुर्ची सोडली. त्या लेखात ओघात एक वाक्य आलं होतं, की हेच मिनल्लाह २००७ साली पदच्युत सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांचे प्रवक्ते म्हणून वकिलांच्या चळवळीत होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. जमिनीचे, वारसाचे, भाडेकरूंचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवून सगळी जागा या पत्रांना देते.

प्रश्न : ताई, सरन्यायाधीशाला काढायचं तर त्याची काही रीत असेल ना? एका लष्करशहाने त्यांना असं घरी कसं बसवलं? (एक वाचक, मिरज)

रीत आहे. आपल्यासारखा संसदेतला महाभियोग तिथे नाही. घटनेच्या २०९ व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशाविरुद्धची तक्रार सुप्रीम ज्युडिशियल कौन्सिलकडे पाठवतो. तिला तिथे ‘रेफरन्स’ म्हणतात. कौन्सिलमध्ये न्यायाधीशच असतात. चौकशी त्यांनी करायची आणि शिफारसही त्यांनीच. तोवर तो न्यायाधीश न्यायाधीशच असतो.

९ मार्च २००७ रोजी झालं ते असं. जनरल परवेझ मुशर्रफ हे राष्ट्राध्यक्षही होते आणि लष्करप्रमुखही. त्यांनी सरन्यायाधीश इफ्तिखार मुहम्मद चौधरी यांना रावळपिंडीच्या आर्मी हाउसमध्ये बोलावून घेतलं. मुशर्रफ गणवेशात होते. पंतप्रधान शौकत अझीझ आणि गुप्तचर खात्यांचे प्रमुखही तिथे हजर होते. राजीनामा द्या, असं सांगण्यात आलं. चौधरींनी नकार दिला. त्यांना कित्येक तास तिथेच बसवून ठेवलं आणि तेवढ्या वेळात इकडे न्या. जावेद इक्बाल यांचा हंगामी सरन्यायाधीश म्हणून शपथविधीही उरकला. चौधरी तिथून बाहेर पडले तोवर त्यांच्या जागेवर दुसरा माणूस बसलेला होता.

आरोप काय होते? पदाचा गैरवापर केला, मुलाला सरकारी नोकरीत पुढे सरकवलं, मानमरातबाचा हट्ट धरला, असे. खरं दुखणं वेगळं होतं असं माझं मत आहे, आणि तिथल्या बहुतेक वकिलांचंही तेच होतं. २००६ साली त्यांच्या पीठाने पाकिस्तान स्टील मिल्सची सरकारने केलेली विक्री रद्द केली. त्याहून जास्त झोंबलं ते बेपत्ता माणसांचं प्रकरण. गुप्तचर यंत्रणांनी उचलून नेलेल्या माणसांचे नातेवाईक फोटो हातात घेऊन सर्वोच्च न्यायालयाबाहेर उभे राहत. आमिना मसूद जंजुआ यांचे पती २००५ च्या जुलैपासून बेपत्ता होते. त्यांनी अशा कुटुंबांना एकत्र केलं. चौधरी सरकारी वकिलांना विचारू लागले, माणूस कुठे आहे ते सांगा, पुढच्या तारखेला हजर करा. मुशर्रफ यांना त्याच वर्षी गणवेश न उतरवता पुन्हा राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं आणि तो वाद याच न्यायालयात येणार हे उघड होतं.

प्रश्न : ते फुलांनी भरलेल्या गाडीतून लाहोरला गेले ती हकीकत सविस्तर सांगाल का? पदच्युत न्यायाधीशाने असं गावोगाव फिरणं योग्य होतं का? (कायद्याची विद्यार्थिनी, पुणे)

आधी १३ मार्च सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. त्या दिवशी कौन्सिलपुढे त्यांची पहिली सुनावणी होती. सरकारी गाडी नाकारून ते घरातून पायी निघाले. पोलिसांनी त्यांना अडवलं, ओढाताण केली आणि जबरदस्तीने गाडीत कोंबलं. एका पोलिसाचा हात त्यांच्या डोक्यावर, केस मुठीत, असा फोटो दुसऱ्या दिवशी देशभर छापून आला. न्यायाधीशाच्या केसांना हात घातलेला पाहून तिथला साधा माणूस हादरला. काळा कोट घालणारा तर जास्तच.

मग ठिकठिकाणच्या बार असोसिएशन, म्हणजे वकिलांच्या संघटना, त्यांना भाषणाला बोलावू लागल्या. सुनावणी चालूच होती, म्हणून वकिलांनी एक पथ्य ठरवून घेतलं होतं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. चौधरी राजकीय सभेत बोलणार नाहीत, पत्रकारांना मुलाखती देणार नाहीत, स्वतःच्या खटल्यावर अवाक्षर काढणार नाहीत. ते फक्त वकिलांच्या संघटनेत, वकिलांपुढे, घटना आणि कायद्याचं राज्य या विषयावर बोलतील. बाकीचं वकील बोलतील. पेशावरला गेले, तिथे हे पथ्य सांभाळलं. मग लाहोर ठरलं.

५ मे २००७, शनिवार. इस्लामाबादहून लाहोरला मोटरवेने गेलं तर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. विमानाने तर तासाभराचं काम. त्यांनी निवडला जीटी रोड, शेरशाह सुरीचा जुना रस्ता, जो गावांच्या पोटातून जातो. हा निर्णय वकिलांचा. मोटरवेला कुंपण असतं, तिथे माणूस रस्त्याच्या कडेला उभाच राहू शकत नाही. जीटी रोडवर गुजरखान लागतं, झेलम लागतं, खारियां, गुजरात, मग चिनाब ओलांडली की वजीराबाद, पुढे गुजरांवाला. प्रत्येक ठिकाणी कचेरी, म्हणजे कोर्ट, आहे, कचेरी आहे तिथे वकील आहेत, आणि वकील आहेत तिथे पक्षकार.

गाडी चालवत होते ऐतझाझ अहसन. ते चौधरींचे मुख्य वकील, आणि बेनझीर भुट्टोंच्या पहिल्या सरकारात गृहमंत्री राहिलेले. आपल्या पक्षकाराला शेजारी बसवून ते स्वतः चालकाच्या जागेवर बसले. एवढा ज्येष्ठ वकील हातात स्टिअरिंग धरून गर्दीतून इंचाइंचाने गाडी काढतो आहे, हे दृश्य ‘जिओ’, ‘आज’, ‘एआरवाय’ या वाहिन्यांवरून घराघरांत थेट दिसत होतं. काचेवर गुलाबाच्या पाकळ्यांचा थर, बॉनेटवर माणसं चढलेली, दोन्ही बाजूंनी हात आणि मोबाइल. घोषणा एकच: ‘चीफ तेरे जाँनिसार, बेशुमार बेशुमार!’ अधूनमधून ‘गो मुशर्रफ गो!’ विरोधी पक्षांचे कार्यकर्ते आपापले झेंडे घेऊन आले होते. पीपल्स पार्टीचे, नवाझ शरीफांच्या मुस्लिम लीगचे, जमात-ए-इस्लामीचेही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी त्या दिवशी एका गाडीमागे चालत होती.

सुमारे तीनशे किलोमीटरचा हा रस्ता. त्याला पंचवीसएक तास लागले. दिवस गेला, रात्र गेली, रविवार उजाडला आणि मग ती गाडी लाहोर उच्च न्यायालयाच्या आवारात शिरली. तिथे वकील रात्रभर बसून होते. त्याच न्यायालयाचे अनेक विद्यमान न्यायाधीश स्वागताला हजर होते. नोकरीवर असलेल्या न्यायाधीशाने, सरकारने निलंबित केलेल्या सरन्यायाधीशासाठी उघड्यावर येऊन बसणं म्हणजे काय, हे सांगायला मला विशेषणांची गरज वाटत नाही. रात्रभर जागलेल्या चौधरींनी उभं राहून भाषण केलं. जे देश घटनेऐवजी हुकूमशाहीवर उभे राहतात ते टिकत नाहीत, असा त्याचा आशय होता. मुशर्रफ यांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. योग्य होतं का? माझं उत्तर होय असं आहे, आणि त्याला एक अट आहे. न्यायाधीशाकडे सैन्य नसतं, तिजोरी नसते. त्याचा हुकूम पाळला जातो, कारण तो पाळायचा असतो असं बाकीचे सगळे मानतात. ज्याची खुर्ची बंदुकीच्या धाकाने काढून घेतली, त्याच्यापुढे हे मानणारे किती आहेत ते दाखवण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही. त्या दिवशी जीटी रोडवर उभ्या असलेल्या बहुतेकांची सर्वोच्च न्यायालयात एकही केस नव्हती. झेलमच्या दुकानदाराला स्टील मिलच्या विक्रीशी काय देणंघेणं? तरी तो उभा राहिला. म्हणून मी होय म्हणते. अट अशी, की ही सवलत खुर्ची गेलेली असेपर्यंतच. खुर्ची परत मिळाली की हार, घोषणा, पाकळ्या दाराबाहेर ठेवूनच आत जायचं. चौधरींनी ती अट पुढे पाळली का, त्यावर खाली एका पत्राच्या उत्तरात लिहिते.

प्रश्न : लाहोरला एवढं झालं, मग कराचीत रक्तपात का झाला? माझ्या आजोबांचा जन्म कराचीचा. ते १२ मेची बातमी ऐकून दिवसभर गप्प होते. (एक वाचक, ठाणे)

तुमच्या आजोबांसारखी मराठी कुटुंबं कराचीत बरीच होती. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा तिथे आजही भरते. त्यामुळे त्या शहराबद्दल आपल्याकडच्या कित्येक घरांना वाटतं ते मी समजू शकते.

लाहोरनंतर बरोबर एका आठवड्याने, १२ मे २००७ ला, सिंध उच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनने चौधरींना बोलावलं होतं. लाहोरची गर्दी मुशर्रफ यांनी पाहिली होती. कराचीत त्यांचा मित्रपक्ष एमक्यूएम सत्तेत होता आणि त्याने त्याच दिवशी आपली वेगळी सभा जाहीर केली. आदल्या रात्रीपासून विमानतळाकडून शहरात येणारा शाहराह-ए-फैसल कंटेनर आणि ट्रक आडवे लावून बंद केला गेला. स्वागताला निघालेल्या मिरवणुकांवर पुलांवरून, इमारतींवरून गोळीबार झाला. ‘आज’ टीव्हीच्या कचेरीवर तासन्‌तास गोळ्या झाडल्या जात होत्या आणि आतली माणसं तेच दृश्य थेट दाखवत होती. पोलीस जागेवर नव्हते, आणि होते तिथे नुसते बघत होते. चाळिसाहून जास्त माणसं मेली.

चौधरी विमानतळाच्या लाउंजमध्येच अडकले. वकील तिकडे उच्च न्यायालयाच्या आवारात अडकले. संध्याकाळी चौधरी भाषण न करताच इस्लामाबादला परतले. त्याच संध्याकाळी इस्लामाबादला मुशर्रफ यांची जंगी सभा झाली आणि कराचीत लोकांनी आपली ताकद दाखवली असं त्यांनी सांगितलं.

वकिलांवरचा घाला तिथेच थांबला नाही. जुलैत इस्लामाबादला चौधरी पोचायच्या थोडं आधी वकिलांच्या मेळाव्याच्या जागी बॉम्ब फुटला आणि माणसं गेली. एप्रिल २००८ मध्ये कराचीत न्यायालयाजवळच्या ताहिर प्लाझा या इमारतीला आग लावण्यात आली. त्या इमारतीत वकिलांची ऑफिसं आहेत. माणसं आत जळून मेली. वकिलाचं ऑफिस म्हणजे काय, हे मी रोज बघते. एक टेबल, बासनात बांधलेल्या फायली, पक्षकाराची मूळ खरेदीखतं, कुणाचं मृत्युपत्र. एका खोलीत शंभर घरांचे कागद असतात. चळवळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाकळ्या येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

प्रश्न : बाई, तुम्ही नेहमी वकिलांच्या कामबंदविरुद्ध लिहिता. मग पाकिस्तानच्या वकिलांनी केलं ते बरं, आणि आपण केलं की वाईट, असं कसं? (एक वकील, सातारा)

प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही तो सरळ विचारलात, हे बरं केलंत.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं, की वकिलांना संपाचा अधिकार नाही. तरी आपण ठराव करतो आणि त्यात ‘न्यायालयीन कामकाजापासून अलिप्त राहणे’ असं लिहितो. कोल्हापूर खंडपीठाच्या मागणीसाठी आपण सहा जिल्ह्यांनी, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गने, वर्षानुवर्षं हे केलं. मागणी खरी होती. मुंबईची एक तारीख म्हणजे पक्षकाराचे दोन दिवस, एसटीचं नाहीतर रेल्वेचं भाडं, लॉजचं भाडं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा मला अतोनात आनंद झाला.

पण अशाच एका अलिप्ततेच्या दिवशी जत तालुक्यातून आलेली एक बाई कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती. पोटगीचा अर्ज. नवऱ्याने अनेक महिन्यांचे पैसे थकवलेले, त्या दिवशी तो हजर राहणार होता आणि आला होताही. पुकारा झाला, वकील कोणीच नाही, पुढची तारीख पडली. नवरा मोटारसायकलला किक मारून निघून गेला. तिने कडेवरच्या पोराला बिस्किटाचा पुडा फोडून दिला आणि मला विचारलं, ‘बाई, आजचं भाडं कोण देणार?’ ती माझी पक्षकार नव्हती. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की अलिप्त राहायचंच असेल तर जामीन, पोटगी आणि मनाई हुकूम यांना कोणीही हात लावू नये.

पाकिस्तानात फरक कुठे पडतो? आपण कोर्ट जवळ आणा म्हणून कोर्ट बंद ठेवलं. त्यांचं कोर्टच उचलून नेलं होतं. ३ नोव्हेंबर २००७ ला मुशर्रफ यांनी आणीबाणी लावली, घटना गुंडाळून ठेवली आणि हंगामी हुकमाखाली सगळ्या न्यायाधीशांना नव्याने शपथ घ्यायला सांगितलं. त्याच संध्याकाळी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने आदेश काढला, की ही शपथ कोणी घेऊ नये. जुलैत पदावर परत आलेले चौधरी धरून वरिष्ठ न्यायालयांतले साठच्या आसपास न्यायाधीश घरी बसवले गेले, कित्येकांच्या दाराला पहारा लागला. वकिलांची हजारोंनी धरपकड झाली. आदल्या वर्षी सुप्रीम कोर्ट बारचे अध्यक्ष झालेले मुनीर मलिक तुरुंगात एवढे आजारी पडले, की मूत्रपिंडाच्या त्रासाने त्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. अशा वेळी, नवी शपथ घेतलेल्या न्यायाधीशापुढे ‘माय लॉर्ड’ म्हणून उभं राहायचं की नाही हा प्रश्न प्रत्येक वकिलापुढे होता. उभं राहणं म्हणजे त्याला न्यायाधीश मानणं. हजारो वकील उभे राहिले नाहीत.

त्याची किंमत मोठ्या वकिलांनी कमी मोजली. ज्यांचा एकेका खटल्याचा मेहनताना लाखांत, त्यांना सहा महिने कळलेही नसतील. मोजली ती तहसिलीच्या गावातल्या, रोज एक जामीन अर्ज आणि दोन प्रतिज्ञापत्रं यांवर चूल पेटवणाऱ्या वकिलाने. टायपिस्टने. मुन्शीने. आणि हो, तिथल्याही एखाद्या पोटगीवालीने. बहिष्कारामुळे जे तुरुंगात खितपत पडले त्यांची गणती कोणी ठेवली नाही. त्या वकिलांचं करणं मी योग्य म्हणते ते हे सगळं धरून. आपल्या बाबतीत मला तसं म्हणता येत नाही.

प्रश्न : तिथे एक हिंदू न्यायमूर्तीही सरन्यायाधीश झाले होते असं ऐकलं. खरं आहे का? (एक वाचक, नाशिक)

खरं आहे, पण हंगामी. न्या. राणा भगवानदास, सिंधमधल्या लारकाना जिल्ह्यातले. कायद्याबरोबर इस्लामी अभ्यासाचीही पदव्युत्तर पदवी घेतलेले. ९ मार्चला ते भारतात होते, म्हणून ज्येष्ठ असूनही तो मान आधी जावेद इक्बाल यांच्याकडे गेला. भगवानदास परतल्यावर २४ मार्चला त्यांनी हंगामी सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली. त्यांच्या काळातच चौधरींच्या अर्जावर तेरा न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि न्या. खलील-उर-रहमान रमदे यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या पीठाने २० जुलै २००७ ला चौधरींना पदावर परत आणलं. रेफरन्स १० विरुद्ध ३ मतांनी रद्द झाला. खुर्ची सोडायची वेळ आली तेव्हा भगवानदास तिला चिकटून राहिले नाहीत. ३ नोव्हेंबरच्या त्या सात जणांच्या पीठात ते होते, नवी शपथ त्यांनी नाकारली, आणि त्याच डिसेंबरात त्यांचं निवृत्तीचं वय झालं. म्हणजे ते पदच्युत अवस्थेतच निवृत्त झाले. अल्पसंख्य समाजातला माणूस अशा वेळी गप्प बसला असता तरी त्याला कोणी नावं ठेवली नसती. २०१५ साली ते वारले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत निर्मळ नाव त्यांचं आहे.

त्यांच्या आधी त्या न्यायालयात दोराब पटेल होते, पारशी. माजी पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंना फाशी देणाऱ्या निकालात ते विरोधी मताच्या तिघांपैकी एक होते, आणि १९८१ मध्ये लष्करशहा झिया-उल-हक यांच्या हुकमाखाली शपथ घ्यायला नकार देऊन ते घरी गेले. त्यांच्यासाठी रस्त्यावर कोणी उतरलं नव्हतं.

प्रश्न : आपल्याकडे आणीबाणीत वकील का उतरले नाहीत? (निवृत्त शिक्षक, बार्शी)

गुरुजी, अगदीच उतरले नाहीत असं नाही. १९७५ साली मुंबईच्या वकिलांनी नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर जिना हॉलमध्ये खासगी सभा ठरवली होती. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश छगला बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. नथवानी आणि इतर वकील उच्च न्यायालयात गेले आणि न्या. तुळजापूरकर यांच्या पीठाने ऐन आणीबाणीत तो आदेश मोडीत काढला. हा निकाल आमच्या नव्या वकिलांना ठाऊक नसतो याचं मला वाईट वाटतं.

आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही असं ठरवणाऱ्या १९७६ च्या जबलपूर खटल्यात न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत दिलं, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला. आज त्यांचं तैलचित्र सर्वोच्च न्यायालयाच्या दोन नंबरच्या कोर्टात आहे. तेव्हा वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि दूरदर्शन सरकारचं. पाकिस्तानच्या वकिलांच्या हाती २००७ साली खासगी वाहिन्या होत्या. हा फरक लहान नाही. १३ मार्चचा तो फोटो छापलाच गेला नसता तर ५ मेचा रस्ता भरला असता का, मला शंका आहे.

प्रश्न : ज्या चौधरींना तुम्ही एवढं उचलून धरता, त्यांनीच २००० साली मुशर्रफ यांच्या हुकमाखाली शपथ घेतली होती. पुढेही काय दिवे लावले? (एक वाचक, औरंगाबाद)

घेतली होती. जानेवारी २००० मध्ये सरन्यायाधीश सईदुझ्झमां सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकार दिला आणि ते घरी गेले. मोकळ्या झालेल्या जागांवर जे आले त्यांत चौधरी होते, आणि मुशर्रफ यांच्या सत्ताहरणाला मान्यता देणाऱ्या पीठातही होते. हे लपवण्यासारखं नाही आणि चळवळीतल्या जाणत्या वकिलांनी ते कधी लपवलंही नाही. हे वकील सरन्यायाधीश या पदाच्या बाजूने उभे राहिले होते, चौधरी या माणसाच्या चारित्र्याचा दाखला द्यायला नव्हे. माझंही तेच म्हणणं आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो संत असावा लागत नाही. आमच्या धंद्यात रोज हेच करावं लागतं.

पुढचं सांगते. फेब्रुवारी २००८ च्या निवडणुकीत मुशर्रफ यांचा पक्ष हरला. २४ मार्चला युसुफ रझा गिलानी पंतप्रधान म्हणून निवडून आले आणि त्यांनी पहिल्याच भाषणात न्यायाधीशांना मोकळं करण्याचा हुकूम दिला. लोक धावत चौधरींच्या घराकडे गेले, अडथळे बाजूला केले, आणि चौधरी बायकोमुलांसह गच्चीवर आले. मोकळे झाले, पण पद परत मिळालं नाही. झरदारी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर दिलेली वचनं लांबत गेली. शेवटी मार्च २००९ मध्ये वकिलांनी पुन्हा लाँग मार्च काढला. नवाझ शरीफ नजरकैद मोडून लाहोरहून त्यात सामील झाले. मोर्चा गुजरांवाल्यापर्यंत पोचला, आणि १६ मार्चच्या पहाटे गिलानींनी दूरचित्रवाणीवर न्यायाधीशांना परत आणत असल्याचं जाहीर केलं. पुन्हा तोच जीटी रोड, या वेळी उलट दिशेने.

खुर्ची परत मिळाल्यावर जुलै २००९ मध्ये चौधरींच्या पीठाने ३ नोव्हेंबरची आणीबाणी घटनाबाह्य ठरवली. लष्करशहाच्या कृत्याला पाकिस्तानच्या न्यायालयाने असं ठामपणे नाकारणं दुर्मीळ, आणि त्यासाठी मी त्यांना मानते. पण वर मी जी अट लिहिली ती त्यांनी पाळली नाही. साखरेच्या भावापासून नेमणुकांपर्यंत ते स्वतःहून प्रकरणं हातात घेत सुटले. कोर्टातली शेरेबाजी संध्याकाळी वाहिन्यांवर फिरू लागली. २०१२ मध्ये ज्यांनी त्यांना मोकळं केलं त्याच गिलानींना न्यायालयाच्या अवमानाखाली पंतप्रधानपदावरून जावं लागलं. निवडून आलेला पंतप्रधान न्यायालयाने घरी पाठवावा, हे मला त्या वेळी पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्याच वर्षी चौधरींच्या मुलावर एका बड्या बिल्डरकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले. डिसेंबर २०१३ मध्ये चौधरी निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी स्वतःचा राजकीय पक्ष काढला. तो चालला नाही. पाकळ्या टाकणाऱ्यांनी त्यांना मत देण्याचं कबूल केलेलं नव्हतं.

वकिलांचंही सांगायला हवं. रस्त्यावर जिंकता येतं हे कळल्यावर काहींना त्याची चटक लागली. न्यायाधीशाने जामीन नाकारला की कोर्टाला कुलूप, पोलिसाने हटकलं की मारहाण. तिथल्या वर्तमानपत्रांत त्याला ‘वुकला गर्दी’, म्हणजे वकिलांची गुंडगिरी, म्हणतात. डिसेंबर २०१९ मध्ये लाहोरच्या वकिलांच्या जमावाने हृदयरोगाच्या सरकारी रुग्णालयावर हल्ला केला आणि त्या गोंधळात रुग्ण दगावले. तोच काळा कोट, तेच शहर.

प्रश्न : मग मिनल्लाह यांनी राजीनामा दिला तेव्हा २००७ सारखी गर्दी का झाली नाही? (वरचीच विद्यार्थिनी, पुणे)

तुझी दोन पत्रं एका पाकिटात होती, म्हणून दोन्ही घेतली.

एक कारण सरळ आहे. २००७ मध्ये एका माणसाला काढलं होतं. माणसाचा चेहरा असतो, त्याचा फोटो निघतो, त्याला गाडीत बसवून गावोगाव नेता येतं. २०२५ मध्ये संसदेत रीतसर मतदान होऊन कलमं बदलली. कलमाला पाकळ्या कोण वाहणार? दुसरं कारण बारमध्ये आहे. २००७ ला बार एक होता. आता प्रत्येक बार असोसिएशनमध्ये सरकारकडे झुकलेला गट आणि विरोधातला गट आहेत, आणि निवडणुका त्यावरच लढल्या जातात. तिसरं, ज्या पक्षांचे झेंडे जीटी रोडवर होते, त्यांतले दोन मोठे पक्ष, पीपल्स पार्टी आणि मुस्लिम लीग, या दुरुस्तीच्या बाजूने मत देणाऱ्यांत होते.

तू विचारलं आहेस, की प्रबंधासाठी या विषयावर सुरुवात कुठून करू. २० जुलै २००७ चा आदेश आणि ३१ जुलै २००९ चा निकाल, हे दोन्ही मुळातून वाच. बातम्या नंतर. आणि त्यांच्या शेजारी नथवानी प्रकरणातला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल ठेव. तो बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या १९७६ च्या खंडात आहे. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या बार लायब्ररीत विचार, तिथे जुने खंड असतात.